बी१२ भरपूर आहे, मग दादाचे पाय का लटपटतात?

प्रश्न : माझा दादा ४६ वर्षांचा आहे. गेली १४-१५ वर्षं रोज पितो. अलीकडे सकाळी उठल्याउठल्याही लागते, नाहीतर हात थरथरतात. जेवण जवळजवळ सुटलंय. तळपायांची आग होते म्हणून डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. बी१२ आलं १,४८०, म्हणजे वरच्या मर्यादेच्याही पुढे. फोलेट २.६, व्हिटॅमिन डी ११, एमसीव्ही १०७. तेव्हापासून दादा तो कागद सगळ्यांना दाखवत सुटलाय : "बघा, व्हिटॅमिन ठासून भरलंय, मला काय धाड भरलीय!" पण गेले ८-१० दिवस तो जिना उतरताना भिंत धरतो, पाय फाकवून चालतो, कधीकधी एकाचे दोन दिसतात म्हणतो. परवा सांगत होता, "कालच ऑफिसला जाऊन आलो." तो महिनाभर घराबाहेर पडलेला नाही. इतकं धडधडीत खोटं बोलतो म्हणून वहिनीने त्याच्याशी बोलणंच टाकलंय. मी मल्टिव्हिटॅमिनची गोळी कुटून गुपचूप त्याच्या जेवणात मिसळते. हे बरोबर आहे का? अजून कोणती व्हिटॅमिनं द्यावीत? आणि येत्या १ तारखेपासून दारू एकदम बंद करणार असं तो म्हणतोय, तेवढीच एक आशा आहे.
— एक बहीण

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या दोन ओळी वाचल्या आणि बाकीचं बाजूला ठेवलं. तोल जाणं आणि न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगणं. हे उत्तर छापून येण्याआधीच तुमच्यापर्यंत निरोप पोहोचवला आहे : दादाला आजच मोठ्या इस्पितळात, जिथे तातडीचा विभाग आहे अशा ठिकाणी न्या. १ तारखेची वाट बघू नका. पण हे सदर वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी असंच चाललेलं असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

इस्पितळात गेल्यावर डॉक्टरांना एवढंच सांगा : "हे रोज पितात, कित्येक महिने नीट जेवलेले नाहीत, ८-१० दिवसांपासून तोल जातोय, दोन दोन दिसतात आणि बोलणं भलतंच होतंय. थायमिन कमी झालं असेल का?" हे वाक्य कागदावर लिहून न्या. गडबडीत माणूस नेमकं तेच विसरतो आणि "फार पितात हो" एवढंच सांगून बसतो. मग समोरचा डॉक्टरही तोल जाण्याचं खापर नशेवर फोडून मोकळा होतो.

थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी१. दादाचा रिपोर्ट पुन्हा एकदा नीट पाहा. त्यात बी१२ आहे, फोलेट आहे, डी आहे. बी१ कुठेच नाही. ती तपासणी नेहमीच्या यादीत सहसा नसते. ती वेगळी सांगावी लागते, तिचा नमुना उजेड लागू न देता पाठवावा लागतो, ती प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही आणि निकाल यायला दिवस लागतात. म्हणून थायमिन कमी असल्याचा संशय आला की जाणते डॉक्टर निकालासाठी थांबत नाहीत. जमलं तर रक्त काढून ठेवतात आणि लगेच शिरेतून थायमिन सुरू करतात. ते देण्यात धोका फार थोडा असतो, न देण्यातला धोका मात्र आयुष्यभराचा.

बी१चीच एवढी घाई का, ते सांगते. शरीरात थायमिनचा साठा साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. पुरुषाला रोज सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे बाहेरून काहीच आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांत तळ दिसायला लागतो. बी१२चा साठा यकृतात काही वर्षं पुरेल इतका असतो आणि फोलेटचा काही महिने. पिणाऱ्या माणसात थायमिनला चारही बाजूंनी गळती लागते. पोटात अन्न जात नाही, कारण दारूतल्या अल्कोहोलच्या १ ग्रॅममधून ७ कॅलरी मिळतात आणि भूक मरते, पण त्या कॅलरींबरोबर व्हिटॅमिन म्हणून काही येत नाही. जे थोडंफार खाल्लं जातं त्यातलं थायमिन आतड्यातून रक्तात नेणारी यंत्रणा दारूमुळे मंदावते. बिघडलेल्या यकृताला ते साठवून ठेवता येत नाही. आणि थायमिनला कामाला लावण्यासाठी मॅग्नेशियम लागतं, तेही दारूमुळे लघवीवाटे वाहून जातं.

आपण खाल्लेल्या साखरेपासून ऊर्जा तयार करण्याच्या कामात थायमिन नसेल तर पेशी अडून बसतात. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विश्रांतीतही एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा तोच वापरतो. त्यामुळे पहिला तडाखा त्यालाच बसतो. डोळ्यांच्या हालचाली, तोल आणि स्मृती सांभाळणारे मेंदूतले काही छोटे भाग आधी कोलमडतात. याला वेर्निकेचा आजार म्हणतात. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ साली ३ रुग्णांचं वर्णन केलं. दोघं पिणारे पुरुष होते. तिसरी होती एक तरुणी. तिने ॲसिड प्यायलं होतं आणि त्यानंतर तिला सतत उलट्या होत होत्या. तिचा दारूशी संबंध नव्हता, पण पोटात काही टिकत नव्हतं. व्हिटॅमिन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मायचा होता, तो १९१२ साली आला. त्यामुळे या तिघांना जोडणारा धागा कोणता, हे त्या वेळी कुणालाच कळणं शक्य नव्हतं. आज आपल्याला तो माहीत आहे आणि उपचारही हाताशी आहे. तरीही हा आजार हातून निसटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तो निसटतो, कारण पुस्तकात लिहिलेली तिन्ही लक्षणं एकत्र क्वचितच दिसतात : डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं आणि गोंधळलेपण. ऑस्ट्रेलियात शवविच्छेदनात हा आजार सापडलेल्या १३१ जणांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या फक्त १६ टक्के लोकांत तिन्ही लक्षणं नोंदलेली होती, आणि हयातीत निदान झालेले होते जेमतेम २० टक्के. बाकीच्यांच्या बाबतीत तो कळला तो मृत्यूनंतर. पुढे १९९१ पासून त्या देशाने पावासाठी वापरल्या जाणाऱ्या पिठात थायमिन घालणं सक्तीचं केलं आणि नंतरच्या शवविच्छेदनांत या आजाराचं प्रमाण घटलेलं दिसलं. पिठात मिसळलेल्या चिमूटभर व्हिटॅमिनने माणसांचे मेंदू वाचले.

मी शिकाऊ डॉक्टर असतानाची एक रात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. पन्नाशीचा एक माणूस, कपड्यांना दारूचा वास, चालताना झोकांड्या. आम्ही त्याला नशेत आहे समजून झोपू दिलं आणि अशक्तपणासाठी ग्लुकोजचं सलाईन लावलं. सकाळी नशा उतरली, झोकांड्या तशाच. वरिष्ठ राउंडला आले. त्यांनी त्याला खाली उतरवलं आणि फरशीच्या दोन लाद्यांमधल्या सरळ रेषेवरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत चालायला सांगितलं. दुसऱ्याच पावलाला तो माझ्या अंगावर कोसळला. मग त्यांनी डोळ्यांसमोर बोट धरून डावीकडून उजवीकडे नेलं. त्याची बुबुळं बोटाच्या मागे गेली, पण कडेला पोहोचल्यावर बारीक हिसके देत राहिली, जणू तिथे टिकणं त्यांना झेपत नव्हतं. थायमिन सुरू झालं. डोळे दोन दिवसांत सावरले, चाल बऱ्यापैकी सुधारली. स्मृती परत आली नाही. पुढचे तीन आठवडे तो रोज सकाळी मला नव्याने नाव विचारायचा. मुलगी भेटून गेली तरी तासाभराने म्हणायचा, "पोर अजून आली नाही." त्या रात्री सलाईनबरोबर थायमिनही दिलं असतं तर, हा विचार मला सोडत नाही.

ग्लुकोजचा मुद्दा नीट समजून घ्या. उपाशी, पिणाऱ्या माणसाच्या शरीरात ग्लुकोज गेलं की ते वापरण्यासाठी उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं. म्हणून थायमिन आधी किंवा निदान सोबत द्यायचं असतं. रक्तातली साखरच धोकादायक खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोज अडवून धरायचं नाही, दोन्ही एकदम द्यायचं. तुम्ही फक्त विचारा, "थायमिन दिलं का?" हे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान वगैरे काही नाही. चांगला डॉक्टर याचा राग धरत नाही.

आता वहिनींसाठी. न घडलेलं घडलं म्हणून सांगणं हे दर वेळी खोटं बोलणं नसतं. रशियन डॉक्टर सेर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ पासून याच प्रकारच्या रुग्णांबद्दल लिहिलं आणि पुढे या स्मृतिदोषाला त्यांचं नाव मिळालं. नवीन आठवण साठवणारा मेंदूचा भाग बंद पडला की कालच्या दिवसाच्या जागी एक रिकामं भगदाड उरतं. मेंदूला ते भगदाड सोसत नाही, म्हणून तो जुन्या आठवणींचे तुकडे घेऊन ते बुजवतो. सांगणाऱ्याला ते शंभर टक्के खरं वाटत असतं. दादाने ऑफिसला गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याला त्यातून काहीच मिळवायचं नव्हतं, हे लक्षात घ्या. पैसे मागायला किंवा बाटली लपवायला माणूस खोटं बोलतो ते वेगळं. दादाला हाच आजार झालाय असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं असेल, जंतुसंसर्ग असेल, यकृत निकामी होत आल्याने रक्तातली विषारी द्रव्यं मेंदूपर्यंत पोहोचत असतील, तरीही असं होतं. डॉक्टर तेही तपासतील. पण वहिनींचा अबोला ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत चुकीची असू शकते, हे त्यांना आज सांगा.

आता त्या १,४८० कडे वळू. बी१२चा मुख्य साठा यकृतात असतो. यकृताच्या पेशी दारूने सुजल्या, फुटल्या की आतलं बी१२ रक्तात गळतं, आणि रक्तातलं बी१२ उचलून घेण्याचं कामही आजारी यकृताला नीट जमत नाही. त्यामुळे आकडा फुगतो. घरातलं सामान रस्त्यावर आलेलं पाहून कुणी म्हणावं की केवढं श्रीमंत घर आहे, तसं हे झालं. रक्तात बी१२ भरपूर आणि पेशींत टंचाई, असंही असू शकतं. शंका असेल तर डॉक्टर मिथिलमॅलोनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन या तपासण्या करून बघतात. बी१२ पेशींपर्यंत पोहोचत नसेल तर ही दोन द्रव्यं वाढतात, मात्र होमोसिस्टीन फोलेट कमी असलं तरीही वाढतं. तेव्हा दादा जो कागद अभिमानाने दाखवतोय तो यकृत दुखावल्याचा कागद असण्याची शक्यता जास्त आहे. यकृताच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्या करून घ्या.

फोलेट २.६ ही खरी कमतरता आहे. दारूमुळे फोलेट आतड्यातून कमी शोषलं जातं, यकृतात कमी टिकतं आणि लघवीवाटे जास्त जातं. त्यात भाज्या, डाळी खाणं बंद. फोलेट नसलं की रक्तपेशी वेळेवर विभागत नाहीत आणि मोठ्या होऊन बाहेर पडतात. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते १०० च्या वर गेलं की पेशी मोठ्या झाल्या असं समजायचं. पण एक खोच आहे : फोलेट आणि बी१२ दोन्ही व्यवस्थित असतानाही निव्वळ दारू एमसीव्ही वाढवते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे दारू सुटल्यावरही हा आकडा जागेवर यायला ३-४ महिने लागतात. महिनाभराने पुन्हा तपासून "गोळ्यांनी काही फरक नाही" असा निष्कर्ष काढू नका. आणि बी१२ची खातरी करून घेतल्याशिवाय नुसतं फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटची गोळी, सुरू करू नका. बी१२ खरंच कमी असेल तर फोलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं आणि तिकडे मज्जातंतूंची हानी गुपचूप चालूच राहते.

डी ११ म्हणजे कमीच, २० च्या खाली कमतरता धरतात. यकृत हे डीच्या वाटेवरचं एक ठाणं आहे, तिथे त्याचं रूप बदलतं, म्हणून यकृत बिघडलं की डीही घसरतं. पडण्याची भीती असलेल्या माणसाची हाडं ठिसूळ असणं वाईट, उपचार करायचाच. पण त्याची घाई थायमिनसारखी नाही. मला पुष्कळदा दिसतं की घरचे डीच्या मागे लागतात, कारण रिपोर्टमध्ये ते ठळक अक्षरात आलेलं असतं. जे छापलेलंच नाही त्याची आठवण कुणाला होणार?

न छापलेलं आणखी एक म्हणजे मॅग्नेशियम. ते तपासायला सांगा, पण तिथेही आकड्यावर भुलू नका. शरीरातल्या मॅग्नेशियमचा १ टक्कासुद्धा रक्तद्रवात नसतो, त्यामुळे आकडा ठीक असून आत खडखडाट असू शकतो. ते कमी असलं तर थायमिन देऊनही म्हणावा तसा गुण येत नाही. दीर्घ उपासानंतर अन्न सुरू करताना फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम घसरू शकतं, त्यावरही इस्पितळात लक्ष ठेवतात. म्हणून "आता खा, खा" म्हणत पहिल्याच दिवशी ताट भरू नका. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा.

तळपायांची आग थायमिन, बी६, बी१२ यांच्या कमतरतेने होते आणि दारूच्या थेट विषारी परिणामानेही होते. बहुतेक वेळा दोन्ही मिळून. ती हळू ओसरते, महिने लागतात, पूर्ण जाईलच असं नाही. तोवर पायांना चटका किंवा जखम झाली तर कळत नाही, म्हणून रोज रात्री तळवे पाहायची सवय लावा.

आता तुमच्या कुटलेल्या गोळीकडे येते. ज्या मायेने तुम्ही ती कुटता ती मला कळते, तरीही हे थांबवा. एक तर नेहमीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये थायमिन असतं जेमतेम रोजच्या गरजेएवढं, आणि दारूने मंदावलेल्या आतड्यातून त्यातलं किती आत जातं कोण जाणे. दादासारख्या लक्षणांवर तोंडाने दिलेल्या गोळीवर भिस्त ठेवून चालत नाही, शिरेतूनच द्यावं लागतं. दुसरं, त्यात व्हिटॅमिन ए असतं. दारू यकृतातला एचा साठा रिकामा करते, म्हणून ते द्यावंसं वाटतं, पण दारू चालू असताना ए जास्त झालं तर तेच यकृताला इजा करतं. पिणाऱ्या माणसात पुरेसं आणि जास्त यांच्यातली जागा फार चिंचोळी होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेली एक चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. ज्यापासून शरीर ए तयार करतं ते बीटा कॅरोटीन ज्यांना दिलं होतं, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्के वाढला, आणि पुढच्या विश्लेषणात जास्त पिणाऱ्यांत हा धोका अधिक दिसला. बी६चंही तसंच : कमी पडलं तरी नसा बिघडतात आणि महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत घेतलं तरी बिघडतात. व्हिटॅमिन आहे, जास्त झालं तरी काय होणार, हे खरं नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तुम्ही काय घालता हे दादाला माहीत नाही, म्हणून ते त्याच्या डॉक्टरांनाही माहीत नाही. आणि आज व्हिटॅमिन गुपचूप देणारा हात उद्या कुणाच्या तरी सांगण्यावरून दारू सोडवण्याची गोळीही गुपचूप देतो. डायसल्फिराम हे औषध न सांगता दिलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून, हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. ते केवळ पूर्ण कल्पना असलेल्या, राजी असलेल्या माणसानेच घ्यायचं औषध आहे. तुम्ही तिथवर जाणार नाही अशी आशा करते, पण असे प्रकार मी पाहिलेत म्हणून आधीच सांगते.

पुढची भीती तुम्ही लिहिली नाही, पण दादाच्या बोलण्यात ती आहे : व्हिटॅमिन घेतलं की पिणं चालतं. व्हिटॅमिनने दारूची ओढ कमी होत नाही आणि यकृताला कवचही मिळत नाही. व्हिटॅमिनने व्यसन सुटेल ही आशा जुनी आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन १९६०च्या दशकात नायसिनचे, म्हणजे बी३चे, मोठे पुरस्कर्ते झाले होते. कळकळ खरी होती, पण तो उपचार म्हणून उभा राहू शकला नाही. ओढ कमी करायला मदत करणारी औषधं वेगळी आहेत, नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी. यकृत आणि मूत्रपिंड पाहून मानसोपचारतज्ज्ञ ती ठरवतात, आणि समुपदेशनाच्या जोडीने ती अधिक उपयोगी पडतात. तरीही दादा आज प्यायला म्हणून थायमिन नाकारायचं नाही. "आधी सोड, मग औषध" ही अट मेंदूला परवडत नाही.

आणि ती १ तारीख. सकाळी प्यायल्याशिवाय हात थरथरणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम सोडणं धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. साधारण २ ते ४ दिवसांत भ्रम, ताप, प्रचंड घाम, नसलेली माणसं दिसणं सुरू होऊ शकतं, आणि उपचार नसतील तर ते जिवावर बेततं. त्याच दिवसांत थायमिनची गरजही वाढलेली असते. म्हणून सोडायचंच, पण इस्पितळात दाखल होऊन, औषधांच्या आधाराने. दादाला म्हणा, "तू १ तारीख ठरवली होतीस ना, आपण ती अलीकडे आणू." त्याचा निश्चय मोडू नका, फक्त जागा बदला.

गुण कसा येतो तेही सांगून ठेवते, म्हणजे मधेच धीर सुटणार नाही. थायमिन वेळेवर मिळालं तर डोळे तासांत ते दिवसांत सावरतात. चालीला दिवस, आठवडे लागतात आणि पाय फाकवून चालणं थोडंफार राहू शकतं. स्मृती सर्वांत मागून येते, महिने घेते, आणि किती येईल हे आधी सांगता येत नाही. घरी सोडताना तोंडाने घ्यायचं थायमिन लिहून देतात. इथे पुष्कळ घरं चुकतात : पाय सावरले की गोळी बंद. डॉक्टर सांगतील तोवर ती चालू ठेवा, मधे दादा पुन्हा प्यायला तरीही, किंबहुना तेव्हा तर नक्कीच. रक्ताची पुढची तपासणी कधी करायची ते डॉक्टर सांगतील. रक्तपेशींचा आकार पाहायचा तर ३-४ महिन्यांच्या आत घाई नको.

इस्पितळातल्या खाटेशेजारी एक मोठं कॅलेंडर आणि घड्याळ लावून घ्या. एक वही ठेवा. दादाला कोण भेटलं, काय खाल्लं, काय बोलणं झालं, हे त्याच दिवशी, शक्य तर त्याच्याच हातून लिहून घ्या. आणि तो पुन्हा "ऑफिसला जाऊन आलो" म्हणाला, तर वहिनींना सांगा, उलटतपासणी नको. आज वार कोणता, आपण कुठे आहोत एवढं शांतपणे सांगायचं, वहीचं पान पुढे करायचं आणि विचारायचं, "दोन घास खाणार ना?"